धावपट्टीवरून बर्फाच्या घळीत: चिनी बॉबस्ले पायलट कशी घडते?

फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांची मोनोबॉब, म्हणजे एकटीनं चालवायच्या बॉबस्ले गाडीची शर्यत, पहिल्यांदाच झाली. सुवर्ण आणि रौप्य अमेरिकेकडे गेलं, केली हम्फ्रीज आणि एलाना मायर्स टेलर यांच्यामुळे. कांस्य कॅनडाच्या क्रिस्टीन डी ब्रुइनला मिळालं. चौथी जर्मनीची, पाचवी ऑस्ट्रेलियाची. सहाव्या क्रमांकावर होती चीनची हुआई मिंगमिंग. तिची सहकारी यिंग छिंगही पहिल्या दहात आली.

सहाव्या नंबराची बातमी होत नाही. पण चारच वर्षांपूर्वी, २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये, महिलांच्या बॉबस्लेत चीनची एकही खेळाडू नव्हती. तेव्हा तर या खेळाचा ट्रॅकच अख्ख्या चीनमध्ये नव्हता. जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा या देशांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यांच्या मुलींच्या रांगेत एवढ्या कमी वेळात सहाव्या जागी जाऊन बसणं म्हणजे काय, हे कळायला आधी हा खेळ समजून घ्यावा लागतो. टीव्हीवर तो फसवा दिसतो. एक गाडी येते, सुळकन जाते, घड्याळात आकडा उमटतो. आत बसलेल्या बाईनं नेमकं केलं काय, ते दिसतच नाही.

बॉबस्लेचा ट्रॅक म्हणजे डोंगरउतारावर बांधलेली काँक्रीटची घळ. आतून पाइप फिरवून ती गोठवतात आणि वर बर्फाचा थर चढवतात. लांबी साधारण दीड किलोमीटर, वळणं पंधरा-सोळा, भिंती उंच आणि आत वळलेल्या. गाडीला इंजिन नसतं. खाली पोलादाच्या चार पट्ट्या असतात, त्यांना रनर म्हणतात. सुरुवातीला खेळाडू गाडी ढकलत पळतात, तिला वेग येताच उडी मारून आत बसतात आणि पुढचा मिनिटभर ती फक्त उताराच्या जोरावर धावते. महिलांच्या शर्यतीत वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातो. मोठ्या वळणांत शरीरावर वजनाच्या चार-पाच पट दाब येतो, त्यामुळे मान ताठ ठेवणं हेसुद्धा कष्टाचं काम होऊन बसतं. ऑलिंपिकमध्ये अशा चार उतरणी दोन दिवसांत होतात. चारही वेळांची बेरीज होते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो. हम्फ्रीज बीजिंगला १.५४ सेकंदांनी जिंकली, तेव्हा जाणकार थक्क झाले होते. या खेळात एवढं अंतर म्हणजे एकतर्फी विजय.

महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये दोन प्रकार आहेत. दोघींच्या गाडीत पुढे पायलट आणि मागे ब्रेकवुमन. मागची जोर लावून ढकलते, आत बसते, डोकं खाली घालून स्थिर राहते आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर ब्रेक ओढते. मध्ये ब्रेक लावायची मुभा नसते. मोनोबॉबमध्ये मात्र एकटीच सगळं करते. ढकलणं, बसणं, चालवणं, थांबवणं. ही रिकामी गाडीच सुमारे १६० किलोची असते. एवढं वजन एकटीनं, खिळ्यांचे बूट घालून, बर्फावरून पळत न्यायचं.

म्हणूनच या खेळात बर्फावर वाढलेल्या मुली फारशा नसतात. त्या येतात ॲथलेटिक्समधून.

२००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला महिला बॉबस्ले पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या जोडीत व्होनेटा फ्लॉवर्स होती. अलाबामातली, स्प्रिंट आणि लांब उडीतली. २००० च्या ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली नाही, आणि त्याच वेळी ॲथलीटना बॉबस्ले करून पाहायचं आवाहन करणारी एक जाहिरात तिच्यापर्यंत पोचली. दोन वर्षांत ती हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू झाली. लॉरिन विल्यम्सकडे १०० मीटरचं ऑलिंपिक रौप्य आधीच होतं, २०१४ मध्ये तिनं बॉबस्लेतलं रौप्यही मिळवलं. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्कहार्ट तर २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियोला धावली आणि सहाच महिन्यांनी बीजिंगला ब्रेकवुमन म्हणून रौप्य घेऊन गेली. पहिल्या तीस मीटरमधला स्फोटक जोर, भरलेल्या मांड्या, जड वस्तूला झटक्यात गती देण्याची ताकद, हे सगळं धावपटू, उडीपटू आणि फेकपटूंकडे तयारच असतं. सुरुवातीला वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग खाली पोचेपर्यंत तिप्पट होतो, असं या खेळातले लोक मानतात.

चीननं हीच वाट धरली, फक्त ती सरकारी योजना म्हणून. ३१ जुलै २०१५ ला क्वालालंपूरमध्ये बीजिंगनं अल्माटीला ४४ विरुद्ध ४० मतांनी मागे टाकून २०२२ चं यजमानपद मिळवलं. यजमान देशाला सगळ्या खेळांत उतरायचं असतं आणि चीनकडे कित्येक हिवाळी खेळांत माणसंच नव्हती. मग क्रीडा प्रशासनानं दुसऱ्या खेळांतले खेळाडू हिवाळी खेळांकडे वळवायला सुरुवात केली. चीनमध्ये क्रीडाशाळा आणि प्रांतांचे संघ यांचं जाळं मोठं आहे. लहानपणी निवडलेली मुलगी प्रांताच्या संघात वाढते आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तयारी करते. विशीच्या आसपास तिची वेळ किंवा अंतर एका जागी अडकलं, तर राष्ट्रीय संघाचं दार तिच्यासाठी जवळजवळ बंद होतं. अशा हजारो मुलींमध्ये ताकद असते, शिस्त असते, दहा वर्षांचा सराव असतो. फक्त त्यांच्या खेळात त्यांच्यापेक्षा सरस कुणीतरी असतं. बॉबस्ले आणि स्केलेटन (याच घळीतून पालथं पडून उतरायचा खेळ) यांच्या निवडकर्त्यांना अशाच मुली हव्या होत्या.

यात एक गोष्ट मला मनापासून आवडते. जिचं करिअर संपलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, तिला आणखी एक संधी मिळाली. आणि ही संधी दयेपोटी मिळालेली नव्हती, तिच्या अंगातली ताकद या खेळाला खरोखर हवी होती. दुसरी बाजूही खरी आहे. ही निवड बऱ्याचदा खेळाडूच्या मनापेक्षा यंत्रणेच्या गरजेतून होते. आयुष्यात बॉबस्ले न पाहिलेल्या मुलीला एके दिवशी सांगितलं जातं की आता तू हे कर.

ढकलणारी खेळाडू अशा पद्धतीनं एक-दोन वर्षांत तयार होते. पायलट होत नाही. हुआई मिंगमिंगच्या सहाव्या नंबराचं मोल या फरकात आहे.

पायलटच्या हातात स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन कड्या असतात, त्या दोऱ्यांनी पुढच्या रनरना जोडलेल्या. डावी ओढली की पुढचा भाग किंचित डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. पतंग उडवताना मांजा जसा बोटांनी हाताळतात तसंच हे काम आहे. कधी ढील, कधी हलकी खेच, आणि जोरात हिसका दिला की गेलं. कारण गाडी वळवताना रनर बर्फात रुततो आणि वेग खातो. म्हणून चांगली पायलट कमीत कमी वळवते. वळणात कुठल्या उंचीवर शिरायचं, भिंतीवर किती चढू द्यायचं, दाब कुठे वाढतो आणि कुठे सुटतो, हे तिला आधीच ठाऊक असावं लागतं. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बर्फाचा आणि दाबाचा अंदाज तिला पाठ, मांड्या आणि बोटं यांतून येतो.

ट्रॅक पाठ करायची रीत जगभर एकच आहे. सरावाआधी पायलट ट्रॅकवरून चालत उतरतात, प्रत्येक वळणापाशी थांबतात, भिंतीवरच्या खुणा बघतात, प्रशिक्षकाशी बोलतात. शर्यतीआधी कोपऱ्यात डोळे मिटून उभ्या राहिलेल्या, हवेत हात हलवणाऱ्या मुली दिसतात. त्या मनातल्या मनात पूर्ण उतरण करत असतात.

आता हिशोब बघा. एका दिवसात दोन-तीन उतरणी झाल्या तरी पुष्कळ, कारण ट्रॅक सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो आणि शरीरही त्याहून जास्त सोसत नाही. एक उतरण मिनिटभराची. एखादीनं हंगामात दोनशे उतरणी केल्या असं धरलं, तरी वर्षभरात तिनं गाडी चालवली ती जेमतेम साडेतीन तास. धावपटू वाटेल तितका सराव करू शकते, पोहणारी रोज कित्येक तास पाण्यात असते. बॉबस्ले पायलटला सरावच मुळी चमच्यानं मिळतो. म्हणून या खेळातल्या मोठ्या पायलट वयानं मोठ्या असतात. बीजिंगला हम्फ्रीज ३६ वर्षांची होती आणि मायर्स टेलर ३७ वर्षांची. दोघींच्या मागे दहा-दहा वर्षांहून जास्त हंगाम होते, डझनभर ट्रॅकवरचे. हुआई आणि यिंग विशीत होत्या आणि त्यांच्या हाती अनुभव होता मोजक्या हंगामांचा.

नवी पायलट घडते ती खालच्या पायरीवरून. आधी ड्रायव्हिंग स्कूल, तिथे ट्रॅकच्या मधल्या भागातून, कमी वेगानं सोडतात. मग नॉर्थ अमेरिकन कप किंवा युरोप कप, त्यानंतर विश्वचषक. शर्यतींतून गुण जमतात आणि त्यावरून ऑलिंपिकची पात्रता ठरते. एकाच ट्रॅकवर धावून ती मिळत नाही, निरनिराळ्या ट्रॅकवर शर्यती पूर्ण कराव्याच लागतात. चालू स्थितीतले ट्रॅक जगात वीससुद्धा नाहीत आणि बहुतेक युरोप-उत्तर अमेरिकेत आहेत. आशियात नागानोच्या ट्रॅकवर २०१८ नंतर बर्फ करणं थांबलं. उरले प्योंगचांग आणि आता चीन. त्यामुळे चिनी संघाची सुरुवातीची वर्षं परदेशात गेली. भाषा वेगळी, जेवण वेगळं, प्रशिक्षक परदेशी, आणि गाडी उलटली की त्याच संध्याकाळी पुन्हा वर जाऊन बसायचं. गाडी उलटणं हा शिकण्याचा भागच धरला जातो. उलटल्यावर हेल्मेट बर्फाला घासत खाली जातं, कधी शेवटपर्यंत. डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांमुळे होणाऱ्या त्रासाला खेळाडू 'स्लेडहेड' म्हणतात. गेल्या काही वर्षांत त्याबद्दल उघडपणे बोललं जाऊ लागलंय, आणि ते व्हायलाच हवं होतं.

मोनोबॉब या प्रकारानं नव्या देशांना मोठा हात दिला. नेहमीच्या बॉबस्लेत पैसा बोलतो. जर्मनीसारखे देश गाड्यांच्या संशोधनावर अफाट खर्च करतात, आणि गाडीचा आकार, धातू, रनरची घडण यांतून वेळ कमावतात. मोनोबॉबची गाडी मात्र सगळ्यांना एकाच नमुन्याची वापरावी लागते. खेळाडूसकट कमाल वजनही ठरलेलं असतं, सुमारे २५० किलोच्या आत. कमी वजनाच्या मुलीला गाडीत वजनं टाकता येतात, पण मग तीच जड गाडी तिला ढकलावी लागते. यातून सुटका नाही. तरीही, गाडी सारखी म्हटल्यावर फरक पडतो तो पायात आणि हातात. नव्या देशाच्या मुलीसाठी यापेक्षा बरी जागा नव्हती.

ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली त्यामागेही महिलांची लांब लढाई आहे. १९४० मध्ये कॅथरीन ड्यूई नावाच्या अमेरिकन बाईनं पुरुषांबरोबरच्या राष्ट्रीय स्पर्धेत चौघांची गाडी चालवून विजेतेपद मिळवलं, आणि त्यानंतर महिलांना या खेळातून बाहेरच काढलं गेलं. पुरुषांची बॉबस्ले १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांना २००२ पर्यंत थांबावं लागलं. त्यानंतरही पुरुषांना दोन प्रकार, महिलांना एकच. दुसरं पदक मिळायला २०२२ उजाडलं. अनेक खेळाडूंना चौघींची गाडी हवी होती, मिळाली ती एकटीची. पण कमी खर्चाच्या या गाडीमुळे लहान देश आत येऊ शकले, हेही तितकंच खरं.

चीनची दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे यानछिंगचा ट्रॅक. बीजिंगच्या वायव्येला शियाओहाइतुओ डोंगरावर तो बांधला. शर्यतीची लांबी १,६१५ मीटर, उतार १२१ मीटरचा, वळणं १६. त्यातलं एक वळण पूर्ण ३६० अंशांचं, म्हणजे गाडी गोल फिरून स्वतःच्याच वाटेखालून जाते. डोंगराची ही बाजू दक्षिणेला, म्हणजे उन्हात. बर्फ वाचवायला ट्रॅकवर लांबच्या लांब छत घातलं, आणि वरून पाहिलं की ते डोंगरावर पहुडलेल्या ड्रॅगनसारखं दिसतं. चिनी लोकांनी त्याला हिमड्रॅगनचंच नाव दिलंय.

त्यात कोविड आला. २०२०-२१ च्या हंगामात जग प्रवासावाचून अडकलं असताना चिनी खेळाडूंना घरी नवाकोरा ट्रॅक होता. परदेशी संघांना तिथे पहिल्यांदा उतरायला मिळालं ते ऑक्टोबर २०२१ मधल्या सराव शिबिरात, मोजक्या उतरणींपुरतं. वर सांगितलेला साडेतीन तासांचा हिशोब आठवला की याचा अर्थ कळतो. एकाच ट्रॅकवर शेकडो उतरणी झालेली मुलगी आणि काही डझन उतरणी झालेली मुलगी यांच्यात वळणाच्या तोंडाशी मोठा फरक पडतो.

मग ही लबाडी झाली का? मला तसं वाटत नाही. यजमानाला हा फायदा नेहमीच मिळत आलाय. २०१० मध्ये कॅनडानं व्हिसलरचा ट्रॅक इतरांना फार कमी वापरू दिला, म्हणून टीका झाली होती. त्याच ट्रॅकवर सरावात जॉर्जियाचा ल्यूज (याच घळीतून उताणं पडून, पाय पुढे करून उतरायचा खेळ) खेळाडू नोदार कुमारिताश्विलीचा मृत्यू झाला, आणि पाहुण्या खेळाडूंना पुरेसा सराव मिळणं हा जिवाचा प्रश्न आहे हे सगळ्यांना कळलं. फायदा होता हे मान्य करूनही एक गोष्ट राहते. घरच्या ट्रॅकवर, घरच्या अपेक्षांच्या ओझ्याखाली, चार उतरणी सलग नीट करणं सोपं नसतं. एका वळणावर दहा-पंधरा सेंटिमीटर वर गेलात की पुढची तीन वळणं सावरण्यात जातात. हुआईनं चारही उतरणी सावरल्या. आणि मोनोबॉब संपल्यावर ती आणि यिंग दोघी पुन्हा पायलट म्हणून दोघींच्या शर्यतीत उतरल्या.

बर्फाच्या घळीतल्या या खेळांतलं पदक चीनला त्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर मिळालं होतं. पुरुषांच्या स्केलेटनमध्ये यान वेनगांगनं कांस्य जिंकलं, चीनचं या गटातलं पहिलंच. स्केलेटनमध्ये खेळाडू पालथा, डोकं पुढे करून उतरतो. साधन लहान, स्वस्त आणि खांद्यांनी वळवायचं. नवा देश तिथे लवकर वर येतो. बॉबस्लेत, विशेषतः पायलटच्या जागी, वाट लांब आहे.

ती किती लांब, हे घरचा ट्रॅक सुटल्यावर कळतं. सेंट मॉरिट्झचा ट्रॅक दर हिवाळ्यात नैसर्गिक बर्फ आणि पाण्यानं हातांनी नव्यानं घडवतात, त्याचा बर्फ वेगळा वागतो. आल्टेनबर्गची वळणं भल्याभल्यांना उलटवतात. तिथे जर्मन मुलींच्या हजारो उतरणींचा साठा उभा असतो आणि चिनी पायलटला बेरीज जवळपास शून्यापासून करावी लागते. यानछिंगला नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वचषकाची फेरी झाली, म्हणजे ट्रॅक ऑलिंपिकनंतर ओस पडला नाही. कित्येक यजमानांना एवढंही जमलेलं नाही. पण २०२६ साठी कोर्टिनात उभारलेला ट्रॅक इटलीचा. २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या शर्यती ला प्लान्यच्या ट्रॅकवर ठरल्यात.

विशीत बीजिंगला उतरलेली मुलगी २०३० पर्यंत थांबली, तर हम्फ्रीज आणि मायर्स टेलर यांनी बीजिंगला ज्या वयात पदकं मिळवली त्या वयाच्या जवळ जाईल. तोवर तिच्या पायांतला जोर टिकायला हवा, मान आणि मेंदू शाबूत राहायला हवा, आणि यजमानपद संपल्यावरही प्रांताच्या आणि देशाच्या क्रीडाखात्यानं सहाव्या नंबराच्या पायलटवर दर हिवाळ्यात खर्च करत राहायला हवं. पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार तिच्या हातात आहेत. तिसरी अजिबात नाही.